भरवशाची वॉटर स्कूटर आणि ब्रँडचा ताईत

वॉटर स्कूटरला सुकाणू नसते. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, इम्पेलर ते दाबाने मागे फेकतो आणि मागच्या नोझलचे तोंड जिकडे वळेल त्यानुसार यंत्र वळते. झोत आहे तोवर दिशा आहे. इंजिन मध्येच बंद पडले की हँडल कितीही फिरवा, यंत्र उरलेल्या वेगाने नाकासमोर जात राहते. समोर खडक आहे, मच्छीमारांचे जाळे आहे की पोहणारी माणसे, याची त्याला फिकीर नसते. त्यामुळे या वाहनाचा भरवसा म्हणजे निव्वळ दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब नव्हे. ऐन वेगात बंद पडणारी स्कूटर आधी ताबा सोडते आणि मग वाऱ्यावर व प्रवाहावर वाहू लागते.

एवढ्या गंभीर प्रश्नावर किनाऱ्यावर जे शहाणपण चालते ते चार वाक्यांत आटोपते. मोठ्या नावाची घ्या, शक्यतो जपानी. एचपी भरपूर बघा, म्हणजे इंजिनावर ताण येत नाही. जुनी घ्यायची तर मीटरवरचे तास कमी बघा. आणि एकदा चांगली वस्तू घेतली की तिच्याकडे पुन्हा बघावे लागत नाही. तारकर्ली असो, अलिबाग असो की कळंगुट, हा मंत्र विकणारा म्हणतो, घेणारा म्हणतो, आणि ज्याने इंजिनावरचे झाकण कधी उचललेले नाही तो तर छातीठोकपणे म्हणतो. गंमत अशी की पाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या या मंत्रात पाण्याचाच उल्लेख नाही. पाणी खारे की गोडे, खोल की उथळ, तळाशी वाळू की चिखल? पेट्रोल कोणते? धुवायला गोडे पाणी कुठून येणार आणि बिघाड झाल्यावर यंत्र उघडणार कोण? यातले काहीही न विचारता भरवशाची स्कूटर निवडता येते, असा हा दावा आहे.

आधी ‘जपानी’ या विशेषणाचे बघावे. यामाहाच्या वेव्हरनरची जुळणी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या न्यूनान इथे होते. कावासाकीची जेट स्की नेब्रास्कातल्या लिंकनच्या कारखान्याशी वर्षानुवर्षे जोडलेली आहे. तिसरे मोठे नाव सी-डू. ही कॅनडाच्या बीआरपी कंपनीची, जुळणी मेक्सिकोतल्या केरेतारोत आणि इंजिन ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेनच्या रोटॅक्स कारखान्याचे. यावर ठरलेले उत्तर येते, की जुळणी कुठेही होवो, डोके जपानी आहे. ठीक. मग होंडाचे काय? होंडाने २००२ साली अ‍ॅक्वाट्रॅक्स बाजारात आणली. फोर-स्ट्रोक इंजिन, उत्तम बांधणी, डोके नखशिखांत जपानी. २००९ च्या सुमारास होंडाने हा धंदाच गुंडाळला. यंत्रात खोट नव्हती, पण ज्यांनी नावावर विसंबून ती घेतली त्यांना पुढे सुट्या भागांसाठी दारोदार फिरणे आले. पोलॅरिसने १९९२ ते २००४ अशी बारा वर्षे वॉटर स्कूटर बनवल्या आणि सोडून दिल्या. आर्क्टिक कॅटची टायगरशार्क १९९० चे दशकही ओलांडू शकली नाही. खुद्द सी-डूचा पहिला अवतार १९६८ साली आला, दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला आणि हे नाव परतले ते थेट १९८८ मध्ये. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा गाजावाजा करणारी कॅनडाची तैगा २०२४ साली घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली. नाव हा भरवशाचा पुरावा असेल, तर यातल्या कोणत्या नावाने भरवसा पाळला?

त्याहून मोठी चूक अशी, की नाव एकच असले तरी आतले यंत्र एकच नसते. सी-डूचाच बिल्ला ६० एचपीच्या स्पार्कवर आहे आणि ३२५ एचपीच्या शर्यतीच्या मॉडेलवरही. यामाहाचे १०४९ सीसीचे तीन सिलिंडरांचे टीआर-१ इंजिन आणि १८१२ सीसीचे सुपरचार्जर लावलेले इंजिन यांच्यात साम्य म्हणाल तर झाकणावरच्या अक्षरांचे. एकाच्या कीर्तीवर दुसरे विकले जाते. ‘सी-डू खराब’ म्हणणाराही तेच करतो, फक्त उलट्या दिशेने: कोणे एके काळच्या एका मॉडेलचा एक दोष घेऊन तो सगळ्या कंपनीच्या कपाळी मारतो.

तो दोष मात्र सांगण्यासारखा आहे, कारण मंत्राच्या दुसऱ्या ओळीचा निकाल तिथेच लागतो. २००३ पासून सी-डूच्या १४९४ सीसी इंजिनावर सुपरचार्जर येऊ लागला. त्याच्या आत सिरॅमिकचे वॉशर होते. ते झिजून फुटले की त्यांचे तुकडे तेलाबरोबर इंजिनात उतरत आणि कित्येक हजार डॉलरच्या इंजिनाचे भंगार होई. यावर इलाज होता: ठरावीक तासांनी सुपरचार्जर उघडायचा आणि वॉशर बदलायचे, जाणत्यांनी धातूचे वॉशर घातले आणि निश्चिंत झाले. पुढच्या पिढ्यांत कंपनीनेही रचना बदलली. पण त्याच वर्षांत, त्याच कंपनीचे, त्याच १४९४ सीसीचे, सुपरचार्जर नसलेले इंजिन घेणाऱ्याला हे संकट माहीतही नव्हते. फरक नावात नव्हता, देशात नव्हता. जादा ताकदीसाठी बसवलेल्या एका सुट्या भागात तो होता.

‘एचपी जास्त म्हणजे इंजिन निवांत चालते’ हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटते. मोठे इंजिन अर्ध्या ताकदीवर चालवले तर ते कमी झिजते, यात तथ्य आहे. पण ही ताकद मोठ्या सिलिंडरांतून आलेली असेल तरच. रोटॅक्सचे १६३० सीसीचे इंजिन पाहिले तर १३०, १७०, २३०, ३०० आणि ३२५ एचपी असे पाचही आकडे एकाच ब्लॉकवर मिळतात. १३० आणि १७० ला सुपरचार्जर नाही. २३० पासून पुढे सुपरचार्जर आहे, इंटरकूलर आहे, जादा दाब आहे, जादा उष्णता आहे. म्हणजे ३०० एचपीवाले इंजिन १३० वाल्यापेक्षा मोठे नाही, तेच इंजिन जास्त पिळलेले आहे. शिवाय इंटरकूलरला थंड करायला बाहेरचे पाणी लागते. समुद्रात ते पाणी खारे. आतली नळी गंजून चिरली तर खारे पाणी थेट हवेच्या मार्गाने सिलिंडरात जाते. या सगळ्यात निवांतपणा कुठे आहे? आणि पर्यटकाला पाच-दहा मिनिटांची फेरी मारून परत आणणाऱ्या स्कूटरला ३०० एचपी हवेत कशाला, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

सुपरचार्जरवाल्या यंत्रांची आणखी एक अडचण पेट्रोल पंपावर उभी असते. अशा इंजिनांच्या मॅन्युअलात ‘९१ ऑक्टेन’ लिहिलेले दिसते. विक्रेता ते बोट ठेवून दाखवायचा आणि म्हणायचा, आपल्याकडचे साधे पेट्रोल ९१चेच, मग काळजी कशाची? पण अमेरिकेतला पंपावरचा आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, भारतातला आकडा त्यातल्या एकाच, आणि नेहमी जास्त येणाऱ्या, चाचणीचा असतो. अमेरिकेतले ९१ म्हणजे भारतीय मापाने सुमारे ९५. आपले ९१ हे त्यांच्या साध्या ८७ च्या तोडीचे. विक्रेत्याने दाखवलेला आकडा खरा आणि काढलेला अर्थ खोटा. कमी ऑक्टेनचे पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटते, इंजिन ठोकते. संगणकावर चालणारे इंजिन स्वतःला सावरण्यासाठी ताकद कमी करते, आणि हे वारंवार झाले तर पिस्टनवर त्याच्या खुणा उमटतात.

आता यावर नवे उत्तर तयार झाले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर आले आणि त्याबरोबर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत पोहोचला, असे सरकारच सांगते. मग प्रश्न मिटला की! मिटला नाही, फिरून दुसऱ्या दाराने आला. हा ऑक्टेन वाढला तो इथेनॉलमुळे, आणि याच यंत्रांची मॅन्युअले इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपुढे नको असे बजावतात. इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दमटपणाला तोटा नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत जलक्रीडा बंद असतात. त्या तीन महिन्यांत अर्ध्या भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलात पाणी मुरत राहते, एका मर्यादेनंतर ते इथेनॉलसह तळाशी उतरते, आणि इंधनपंपाची नळी नेमकी तळाशीच असते. सप्टेंबरात बटण दाबल्यावर इंजिन खोकते तेव्हा दोष कंपनीला दिला जातो. टाकी पावसाळ्याआधी रिकामी का केली नाही, हे कोणी विचारत नाही. मॅन्युअलात बंद हंगामाचे प्रकरण असते, पण ते बर्फाळ हिवाळ्याला धरून लिहिलेले. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही’ म्हणून ते पान उलटले जाते. कोकणचा पावसाळा हाच या यंत्रांचा हिवाळा आहे, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला एक-दोन इंजेक्टर गमवावे लागतात.

इंजिन थंड कसे ठेवले जाते, हा खरे तर पहिला प्रश्न असायला हवा. त्यावर जी भांडणे चालतात ती मात्र क्रिकेटच्या संघांची बाजू घेतल्यासारखी. यामाहा आणि कावासाकी बाहेरचे पाणी ओढून ते इंजिनातून फिरवतात आणि बाहेर टाकतात. सी-डूमध्ये इंजिनात कूलंट फिरते आणि ते तळाच्या राइड प्लेटमधून जाताना समुद्राच्या पाण्याने थंड होते. सी-डूचे भक्त म्हणतात, आमच्या इंजिनाला मीठ लागतच नाही, धुवायची गरज काय? गरज आहे, कारण एक्झॉस्ट बाहेरच्याच पाण्याने थंड होतो आणि तिथे मीठ साचते. शिवाय ज्या राइड प्लेटवर सगळी भिस्त, ती यंत्राच्या पोटाखाली असते. जेटी नसलेल्या किनाऱ्यावर स्कूटर वाळूवरून ओढत नेली जाते, कधी खडकावर आपटते. प्लेटला चीर गेली की कूलंट गळून जाते आणि बंद यंत्रणेचा तोरा तिथेच संपतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की आमच्यात भाग कमी म्हणून बिघाड कमी. भाग कमी आहेत, खरे. पण समुद्राच्या लीटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते आणि ते पाणी ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधून दिवसभर वाहते. संध्याकाळी धुतले नाही तर रात्रीतून ते मीठ आतल्या अरुंद वाटांमध्ये सुकते. महिनाभर असेच चालले तर वाट अरुंद होत जाते, इंजिन तापते, आणि ‘जपानी असूनही’ तापले म्हणून आश्चर्य व्यक्त होते.

धुण्यातही एक मेख आहे, आणि ती माहीत नसलेला माणूस जगातली सर्वोत्तम स्कूटर एका संध्याकाळी मारू शकतो. होज जोडायचा, आधी इंजिन चालू करायचे आणि मगच नळ सोडायचा. थांबवताना आधी नळ बंद, क्षणभराने इंजिन बंद. कारण होजमधून आलेले पाणी एक्झॉस्टच्या वायूंच्या जोरावरच बाहेर फेकले जाते. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमध्ये साचते, वर चढते आणि सिलिंडरात शिरते. पाणी दाबले जात नाही. पुढच्या वेळी स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा क्रम यामाहालाही लागू, सी-डूलाही लागू. किनाऱ्यावर हे काम सहसा कोणाकडे असते? हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलाकडे, ज्याला होज कुठे जोडायचा एवढेच दाखवलेले असते. आणि पाण्याचे म्हणाल तर जलक्रीडेचा भर एप्रिल-मेमध्ये, कोकणातल्या विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत. रोज संध्याकाळी चार-सहा स्कूटरना गोडे पाणी देण्याची सोय किनाऱ्यावर आहे का, हा प्रश्न लाखो रुपयांचे यंत्र घेण्याआधी विचारायचा असतो. शिवसागर जलाशयाच्या काठी, मुनावळ्याला, स्कूटर चालवणाऱ्याला ही चिंता नाही. गोड्या पाण्यात बाहेरचे पाणी फिरवणारे साधे इंजिन बिनघोर चालते. म्हणजे एकच मॉडेल मुनावळ्याला भरवशाचे आणि देवबागला बेभरवशाचे ठरू शकते. ब्रँडच्या मंत्रात याला जागा कुठे आहे?

देवबागचा उल्लेख आला आहे तर पंपाकडे वळावे. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर वाळूचे दांडे आहेत. ज्याला त्सुनामी बेट म्हणतात तेही तसलेच. पर्यटक गुडघाभर पाण्यात उभे असतात, स्कूटर तिथेच आणली जाते, माणूस बसतो आणि तिथूनच थ्रॉटल दाबला जातो. यामाहाचे मॅन्युअल तळाखाली किमान ६० सेंटिमीटर पाणी मागते, सी-डूचे ९० सेंटिमीटर. म्हणजे मांडीपासून कमरेपर्यंत. गुडघाभर पाण्यात जाळी पाण्याबरोबर वाळूही ओढते. इम्पेलर आणि त्याभोवतीच्या कड्यातली फट मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते. वाळू इम्पेलरची धार खाते, कड्यावर चरे पाडते, फट वाढते, पाणी मागे जाण्याऐवजी फटीतून परत घसरते. मग इंजिन ओरडते, फेऱ्यांचा आकडा चढतो आणि स्कूटर जागची हलत नाही. ग्राहक म्हणतो इंजिन गेले. इंजिनाला काही झालेले नसते.

इथेही एक ठरावीक टोमणा ऐकू येतो: सी-डूच्या पंपात प्लॅस्टिकचे कडे, यामाहाच्या पंपात स्टेनलेस स्टीलचे अस्तर, मग मजबूत कोण ते सांगायला नको. सांगायला हवे. ते प्लॅस्टिकचे कडे झिजण्यासाठीच बसवलेले आहे. ते स्वस्त असते, पंप उतरवून बदलता येते, आणि त्याच्या झिजण्याने इम्पेलर वाचतो. स्टीलचे अस्तर जास्त टिकते हे मान्य. पण चरे पडले की खर्चही जास्त आणि भाग मागवण्याचा वेळही जास्त. संगमावर वाळू ओढणार हे पक्के असेल, तर कपाटात ठेवलेली दोन प्लॅस्टिकची कडी बंदरात अडकलेल्या स्टीलच्या पंपापेक्षा मोलाची आहेत. आणि यातले काहीच नको असेल तर स्कूटर कमरेएवढ्या पाण्यात उभी करून पर्यटकाला तिथवर चालत नेणे हा उपाय फुकट आहे. तो कोणी करत नाही, कारण पर्यटकाची अर्धी पँट भिजते.

मीटरवरच्या तासांची श्रद्धा सर्वांत चिवट. ‘फक्त ४० तास चाललेली’ हे शब्द जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात. सहा वर्षांत ४० तास म्हणजे सहा वर्षांत किती महिने ती उभी होती? उभ्या स्कूटरमध्ये पेट्रोल शिळे होते, बॅटरी मरते, सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल उतरून गंज धरतो, उंदीर वायरी कुरतडतात. खाऱ्या पाण्यातून आणून न धुता ठेवलेली असेल तर बघायलाच नको. याउलट भाड्याने चालणारी स्कूटर दिवसाला सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर एका महिन्यात १५० तास गाठते; तिचे तेल वेळेवर बदलले असेल, पंप उघडून पाहिला असेल, वही ठेवली असेल, तर ४०० तासांची ती स्कूटर ४० तासांच्या त्या शोभेच्या वस्तूपेक्षा कितीतरी चांगली. फोर-स्ट्रोक इंजिनाला ४०० तास म्हणजे म्हातारपण नव्हे.

मग बघायचे काय? सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजायचे आणि आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते पाहायचे. तेलाची काडी काढायची. तेल दुधाळ दिसले तर पाणी आत जाऊन आलेले आहे. जाळीखाली टॉर्च धरून इम्पेलरच्या कडा बघायच्या. गंज स्वतःवर घेण्यासाठी लावलेला जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा जागेवर आहे का, की तो संपून दोन हंगाम झाले? इंजिनाच्या बोल्टांवर पांढरी पावडर आहे का? आणि एक प्रश्न हमखास विचारायचा: ही कधी बंद पडली होती आणि कशी ओढून आणली? बंद स्कूटर बनाना बोटीसारखी वेगाने ओढली तर पाणी पंपातून थंड करण्याच्या नळीत घुसते आणि बंद इंजिनात भरते. म्हणून ओढताना वेग अगदी चालण्याच्या जवळपास ठेवायचा किंवा ती नळी चिमटून बंद करायची असते. उलटलेली स्कूटर सरळ करतानाही कोणत्या बाजूने फिरवायची याचा स्टिकर मागे लावलेला असतो, तो मॉडेलनुसार बदलतो, आणि चुकीच्या बाजूने फिरवली तर एक्झॉस्टमधले पाणी इंजिनात जाते. यातले काही मीटरवर उमटते का?

हलच्या बाबतीत नव्या प्लॅस्टिकचे कौतुक फार. स्पार्कचे हल पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे आहे. ते हलके आहे, सबंध यंत्र दोनशे किलोच्या आत बसते, रंग आतपर्यंत असल्याने ओरखडा लपतो. पण ते फुटले तर फायबरच्या कामाने जुळत नाही. कोकणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कारागीर गावोगाव सापडतो. त्याच्या हाताला जे जुळते ते हल इथे जास्त भरवशाचे, मग ते थोडे जड असले तरी चालेल.

राहता राहिली शेवटची ओळ: चांगली वस्तू घेतली की बघावे लागत नाही. आजच्या स्कूटरमध्ये उलट झोत देऊन थांबवणारी यंत्रणा असते, सी-डूत २००९ पासून, यामाहात २०१५ पासून. सोय मोठी आहे आणि माणसे वाचवणारी आहे, हे नाकारता येत नाही. पण ती विजेवर आणि सेन्सरवर चालते, आणि तिला चूक जाणवली की यंत्र स्वतःच वेग बांधून घेते. ती चूक कोणती हे कळायला कंपनीचे निदान-सॉफ्टवेअर लागते. सी-डूची किल्ली संकेतबद्ध असते. दोन्ही किल्ल्या समुद्रात गेल्या तर तेच सॉफ्टवेअर असलेला माणूस येईपर्यंत स्कूटर वाळूवर. मच्छीमारांच्या आउटबोर्ड इंजिनांवर हात बसलेला मेकॅनिक मालवणात, वेंगुर्ल्यात, रत्नागिरीत आहे आणि तो कुशल आहे. त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, एवढेच. वॉरंटीचा कागद पुढे केला जातो तेव्हा त्यातले भाड्याच्या वापराचे कलम वाचावे. हौशी मालकाला मिळणारी मुदत आणि धंदेवाल्याला मिळणारी मुदत यात मोठी तफावत असते, आणि ती विक्रीच्या गप्पांत कधी निघत नाही.

या सगळ्यातून निवड आपोआप अरुंद होत जाते. खाऱ्या पाण्यात, वाळूच्या किनाऱ्यावर, पर्यटकांच्या हाती देण्यासाठी सुपरचार्जर असलेली स्कूटर घेणे हा निव्वळ हट्ट आहे. तसल्या रुबाबाची हौस असणाऱ्याने आपल्या खर्चाने ती करावी, भरवशाच्या नावाखाली नव्हे. यामाहाचे टीआर-१ असो, रोटॅक्सचे १३० एचपीचे १६३० सीसी असो की कावासाकीचे १६० एचपीचे १४९८ सीसी, सुपरचार्जर नसलेली ही तिन्ही इंजिने या कामाला पुरून उरतात. त्या तिघांत कोणते, हे नावाने ठरत नाही. ज्याचा सॉफ्टवेअरवाला मेकॅनिक एका दिवसात किनाऱ्यावर येऊ शकतो आणि ज्याचे सुटे भाग देशात मिळतात, ते घ्यावे. व्यवहार पक्का करण्याआधी विक्रेत्याला पंपाच्या कड्याची किंमत विचारावी, ते किती दिवसांत येईल ते विचारावे, इथेनॉलची मर्यादा विचारावी, होज आणि इंजिन यांचा क्रम विचारावा. उत्तरादाखल तो कंपनीचे नाव सांगू लागला, तर ती स्कूटर ६० एचपीची असो की ३२५ ची, त्या किनाऱ्यासाठी ती बेभरवशाचीच आहे, आणि तिची किंमत जितकी जास्त तितकी जास्त बेभरवशाची.